रंजीता दोनाडकरनं लावलेल्या तारखा

रंजीता दोनाडकर चंद्रपूरच्या कॉलेजात नेमकं काय शिकवते, हे तिच्या गावात अजून कोणाला धड सांगता येत नाही. गाव आरमोरीपासून सात किलोमीटरवर, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. पारावर विषय निघाला की तिचा बाप सुनिलभाऊ छाती पुढं काढून म्हणतो, "ऑपरेशन्स रिसर्च." आणि लगेच गप्प होतो, कारण पुढचं त्यालाही येत नाही.

एकदा रंजीतानं स्वतःच समजावून सांगितलं होतं. कोणतं काम आधी, कोणतं मागून, कोणती गाडी कोणत्या वाटेनं, किती माणसं कुठं लावायची, हे अंदाजानं नाही तर गणितानं ठरवायचं, त्याचं हे शास्त्र. शेजारचा मुखरू सगळं ऐकून म्हणाला, "हे तं माही बायको रोज चुलीपुढं करते. भात खाली, वरण वर, एका हातानं पोरगं, दुसऱ्या हातानं मले शिव्या. तिले काऊन नाई भेटत पगार?"

रंजीता खळखळून हसली होती. मुखरूचं वाक्य ती आता दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगते. मुखरूला मात्र हे ठाऊक नाही, नाहीतर त्यानं मानधन मागितलं असतं.

पोरगी पहिल्यापासून हिशोबी. गणितात नागपूरला पहिली आली, पवईला जाऊन पीएचडी करून आली. एका विमान कंपनीनं तिला बोलावलं होतं. कोणतं विमान किती वाजता कुठं उभं करायचं ते ठरवायला. गावानं विमान पाहायची तयारी केली आणि हिनं चंद्रपुरातली नोकरी धरली. काही जण म्हणतात, आदेशसाठी. आदेश तिथंच रसायनशास्त्र शिकवायचा, आणि वालाच्या शेंगांची भाजी अशी करायचा की पाहुण्यांनी ताट पुसून घ्यावं. रंजीता मात्र म्हणते की विमानांचे प्रश्न सोडवायला जगात पुष्कळ लोक आहेत. दोन्ही खरं असावं. लग्न झालं, एवढं नक्की.

तर अशी ही रंजीता, वय सदतीस, नऊ वर्षं सहायक प्राध्यापक. गेल्या वर्षी तिच्या विभागात सहयोगी प्राध्यापकाची एक जागा निघाली. एकच. अर्ज पाच आले. चौघांकडं निबंधांची चळत होती, रंजीताकडंही होती, पण तिनं अर्जात एक ओळ जास्तीची टाकली: "माझी पद्धत या हंगामात प्रत्यक्ष वापरली जात आहे, तिनं प्रवास शेकडा चाळीसनं घटतो." मुलाखत फेब्रुवारीच्या शेवटी होती. त्या एका ओळीवर तिची सगळी मदार होती, आणि ती ओळ वडशातल्या एका नाटक कंपनीवर उभी होती.

झाडीपट्टीतल्या माणसाला वडसा सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली की इथल्या गावागावांत नाटकं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. वडशाच्या रस्त्यावर नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं लागलेली. गावाची मंडळी येतात, फोटो बघतात, हिरोईन कोण ते विचारतात आणि नाटक ठरवून जातात. कंपनी आज या गावात, उद्या त्या. सोबत पडदे, दिवे, ऑर्गन आणि वीस-बावीस माणसांचे वीस-बावीस स्वभाव. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, तारखा गावं आपली आपण ठरवतात, त्या हलत नाहीत. पण पौषापासून पुढं बरीचशी गावं मॅनेजर देईल ती तारीख घेतात.

'झुळूक नाट्य रंगभूमी' या कंपनीचा मॅनेजर म्हणजे भैयाजी, रंजीताचा सख्खा मामा. सव्वीस वर्षं तो तारखा लावत होता. एक लांबडी वही, कानामागं पेन्सिल, आणि "थांब गा, पाह्यतो" हे एक वाक्य, एवढीच त्याची यंत्रणा.

रंजीतानं दिवाळीच्या सुट्टीत ती वही चाळली आणि कपाळाला हात लावला. कंपनी सोमवारी सिंदेवाहीकडं, मंगळवारी उलटी आरमोरीकडं, बुधवारी पुन्हा सिंदेवाहीकडं. नकाशावर रेघा ओढल्या तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं दिसत होतं.

"मामा, हे काय होय? शेजारशेजारच्या गावाले आठ-आठ दिवसांनी जाता?"

"आजवर असंच जाऊन राह्यलो."

"पण काऊन?"

भैयाजीनं डोकं खाजवलं. "बरं लागते म्हून."

शास्त्राच्या बाईला 'बरं लागते' कसं पुरणार? तिनं मामाला समोर बसवलं आणि नियम विचारले. काय चालतं, काय चालत नाही, सगळं सांगा. मामानं तीन दिवसांत चौदा नियम सांगितले. सामानाचा ट्रक नदीच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, नेत नाहीत. दोन प्रयोगांत शंभर किलोमीटरच्या वर अंतर नको, पडदे बांधायला दुपार लागते. ऑर्गनवाल्याला त्याच्या सासुरवाडीच्या गावात न्यायचं नाही, कारण तिथं तो वाजवत नाही, नुसता जेवतो. विनोदी नटाला लागोपाठ पाच दिवसांवर ठेवायचं नाही, सहाव्या दिवशी तो रडायला लागतो.

रंजीतानं दोन महिने खपून चौदाही नियम गणितात बसवले. ऑर्गनवाल्याची सासुरवाडीसुद्धा. संगणकानं चार मिनिटं विचार केला आणि पौषातल्या बारा गावांचा क्रम काढून दिला. मामाच्या पद्धतीनं तेवढ्याच गावांना अकराशे चाळीस किलोमीटर लागले असते. इथं सहाशे नव्वद. नकाशावरची रेघ कशी, तर सुवासिनीच्या गळ्यातल्या माळेसारखी गोल.

भैयाजीनं कागद लांब धरला, जवळ धरला. "गावं लईच जवळजवळ आले वो, बाई."

"हो ना मामा! तेच तं!"

"तसं नाई... मले वाटते..." आणि भैयाजी थांबला. त्याला कुठंतरी टोचत होतं, पण कुठं ते सापडेना. त्यात गेले दोन महिने वडशाच्या प्रत्येक टपरीवर त्यानं भाचीचे गोडवे गायले होते. 'पवईवाली होय, संगणकानं तारखा लावणार आहे' असं सांगून चार चहा फुकट प्यायला होता. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? त्यानं पेन्सिल कानामागून काढली, वहीत ठेवली आणि कागद मालकाकडं नेला. मालकानं डिझेलचा आकडा पाहिला आणि दोन्ही हातांनी सही केली म्हणतात. एक हात पुरला असता.

यंदाचं नाटक होतं 'माहेरची वाट अडवली'. दणदणीत गाजलेलं. बाराही गावांना तेच हवं होतं. गोष्ट अशी की नायिकेचा लहानपणी हरवलेला भाऊ गावात परका म्हणून येतो आणि तो तिचा भाऊ आहे हे तिला थेट शेवटच्या अंकात कळतं. तोवर मंडपातल्या बायांचे पदर ओले.

पहिला प्रयोग पळसटोल्याला. तुफान. दुसरा किन्हीला, पळसटोल्यापासून चार किलोमीटर. तिसरा चिचगावला, किन्हीपासून तीन. शनिवारी सकाळी रंजीता मोठ्या उमेदीनं चंद्रपूरहून वडशाला आली, आकडे घ्यायला. ऑफिसात पाय ठेवला तर नाटकातला हिरो लोकेश बाकावर बसलेला, कानामागं कालची रंगाची रेघ तशीच, आणि चेहरा पडलेला.

"काय झालं, लोकेशभाऊ?"

"काय व्हाचं राह्यलं ते विचारा, मॅडम!" लोकेश उसळला. "माही एन्ट्री झाली. मी परका माणूस बनून आलो. नायिका म्हणते, 'कोण तुम्ही? कुठले?' तं समोरची बाई सतरंजीवरून उठून उभी राह्यली न् म्हणते, 'अवं बाई, तुहा भाऊच होय तो! पाय धर त्याचे!'"

भैयाजीनं वही तोंडापुढं धरली.

"हे पहिल्या अंकात!" लोकेश म्हणाला. "पुढं तीन अंक आम्ही कायले केले? अन् माहा तो डायलॉग, 'पाटील, हा हात कुऱ्हाडीचा आहे, पण आज कुऱ्हाड घरी ठेवून आलोय', त्यावर हंगामभर शिट्ट्या भेटल्या मले. काल मी 'पाटील' म्हटलं, आन् अर्धा मंडप ओरडला, 'कुऱ्हाड घरी ठेवून आलोय!' पाटलाचं काम करणारा हसला, मॅडम. खलनायक हसला!"

"आणि माणसं किती होती?"

"अर्धा मंडप म्हटलं ना. अर्धाच होता. बाकी अर्धा आलाच नाई."

रंजीता खुर्चीवर बसली. एव्हाना तिला कळून चुकलं होतं. मुळात हुशारच बाई. लहानपणापासून ती हेच तर बघत आली होती. एका गावात नाटक म्हणजे त्या गावाच्या प्रत्येक घरी पाहुणे. लेक-जावई, व्याही, साडू, मामा-मावश्या, सगळे आसपासच्या गावांतले. पळसटोल्याच्या मंडपात निम्मं किन्ही आणि निम्मं चिचगाव बसलं होतं. त्यांनी नाटक पाहिलं, रडून घेतलं, घरी गेले. दुसऱ्या दिवशी कंपनी त्यांच्याच दारात तेच नाटक घेऊन हजर!

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही शेजारची गावं लांब-लांब ठेवत होते ते याच्याचसाठी ना?"

"हो ना, बाई. लोकं जुनं विसरलेही पाह्यजेत आन् गोष्ट चार गावात पसरलीही पाह्यजे."

"मग चौदा नियमांत हा काऊन नाई सांगितला?"

भैयाजी खरोखर बुचकळ्यात पडला. "हा काय नियम होय? जेवाले बसलं तं तोंड उघडावं लागते, हे कोणी सांगते का?"

लोकेश पुटपुटला, "आम्ही दोन दिवसांपासून तोंड बंद करूनच जेवून राह्यलो."

उरलेल्या नऊ गावांच्या तारखा बदलणं शक्य नव्हतं. भोंगे फिरले होते, पाहुण्यांना निरोप गेले होते. लोकेशनं मग आपल्या परीनं इलाज केला. रोज डायलॉग बदलायचा. कधी कुऱ्हाड घरी ठेवली, कधी सासरी, एका गावात तर 'कुऱ्हाड धार लावाले देल्ली' म्हणाला आणि नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या घेऊन गेला. कशीबशी इज्जत वाचली. पण मंडप काही भरले नाहीत.

रंजीता सोमवारी कॉलेजात आली तर विभागप्रमुखांना सगळी खबर. चंद्रपूर काही एवढं मोठं नाही. सरांनी तिला केबिनमध्ये बसवलं आणि मायेनं सांगितलं, "तुमचा दावा काय होता? प्रवास घटतो. घटतोय ना? सहाशे नव्वदच होणार ना? मग तेवढंच मांडा. मंडपात किती माणसं होती हे समिती कशाला विचारते? आणि खोटं तर तुम्ही बोलतच नाही आहात."

हे खरंच होतं, आणि तीच गोम होती. आकडा चोख होता. ती ओळ अर्जात गेलीही होती. गप्प बसायचं, एवढंच काम होतं, आणि नऊ वर्षांनी हाताशी आलेली जागा एकच होती.

"बघते, सर," ती म्हणाली. पण पुढच्या शुक्रवारी दुपारी तिनं पुन्हा वडशाची बस पकडली. पुढच्या पंधरा दिवसांच्या तारखा अजून लागायच्या होत्या. मालक चिडला होता, पण भैयाजीनं त्याच्यापुढं हात जोडले: "एक डाव द्या, मालक. फसली तं पुन्हा माही वही हायच."

यावेळी रंजीता ऑफिसात गेली नाही. ती मामाच्या घरी मागच्या अंगणात गेली, जिथं मामी लाखोळीची भाजी खुडत बसली होती.

सुगंधामामीबद्दल काय सांगावं! चार तालुक्यांत कोणाची पोरगी कुठं दिली, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, आणि मोडलं ते खरं कशानं मोडलं, हे सगळं त्या बाईला तोंडपाठ. सरकारनं जनगणना तिच्याकडं दिली असती तर एका दुपारी उरकली असती, वर चहाही पाजला असता.

"मामी, आधी फसलं तिथलं सांगा. पळसटोला आणि किन्ही. किती सोयरीक?"

मामीनं भाजी खुडता खुडता मान वर केली. "पळसटोल्याच्या सात पोरी किन्हीत देल्ल्या. किन्हीवाल्यायनं तीन इकडं देल्ल्या. एक पळून गेली, ते धरत का?"

"धरू."

"मंग चार म्हण."

रंजीतानं आकडा लिहिला. उभी गावं, आडवी गावं, मधल्या घरात सोयरीक किती दाट त्याचे गुण. शून्य ते पाच. गावांमधलं अंतर मांडायची तिची जी जुनी सारणी होती तशीच ही दुसरी. फरक इतकाच की हिच्यात किलोमीटर नव्हते, माणसं होती.

"चिचगाव आणि मोहटोला? अडीच किलोमीटर आहे."

"असंना. पंधरा साल झाले, एकमेकाच्या घरचं पाणी नाई पेत. शंकरपटात बैल पळवतानी भांडण झालं तं. दोन डोके फुटले."

"मग शून्य." रंजीता खूश झाली. जवळ असून सोयरीक नाही; म्हणजे अशी गावं लागोपाठ ठेवता येतील, डिझेल वाचेल.

"शून्य कसं वो?" मामी म्हणाली. "शिकली कायले तू? भांडणवाले तं मुद्दाम येतेत पाहाले, त्याईचं नाटक पडते का म्हून! सोयरा येकखादे वेळी चुकन, वैरी नाई चुकत."

रंजीताचा पेन हवेतच थांबला. पवईला पाच वर्षं काढली, पण वैऱ्याच्या हजेरीचा विचार करायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं शून्य खोडून तीन केले.

"आता एक आईक," मामी म्हणाली. "गावाचे नावं नको छापू त्याच्यात. उद्या कोणी वाचन न् म्हणन, सुगंधाबाईनं सांगतलं."

"इंग्रजीत आहे मामी, इथं कोण वाचणार?"

"आजकाल पोट्टे मोबाईलवर काय बी वाचतेत. नंबर टाक."

म्हणून गावांना नंबर पडले. दोन दुपारी लागल्या. भैयाजीनं नंतर सारणी तपासली, सहा ठिकाणी भांडला आणि पाच ठिकाणी हरला. संगणकाला आता दोन्ही सारण्या दिल्या: अंतर कमी कर, पण ज्यांचे पाहुणे सारखे त्यांना आठवडाभर एकमेकांपासून दूर ठेव. निघालेली रेघ माळेसारखी नव्हती. ती जवळजवळ मामाच्या वहीसारखीच होती, कोंबडीनंच उकरलेली, फक्त ही कोंबडी जरा शहाणी होती. पुढच्या पंधरवड्यातल्या बारा नव्या गावांना एक हजार दहा किलोमीटर. मामाच्या पद्धतीपेक्षा शेकडा अकरानं कमी.

भैयाजी तो कागद पाहून इतका हरखला की त्याला आपली सव्वीस वर्षं सरकारी शिक्क्यानं मंजूर झाल्यासारखं वाटलं. "म्हंजे मी बरोबरच होतो!"

"शेकडा एकोणनव्वद बरोबर होते, मामा."

"फर्स्ट क्लास झाला ना मंग!"

मंडप भरले. नवव्या गावात माणसं झाडावर बसली होती असं लोकेश सांगतो. लोकेशचं ऐकताना थोडं वजा करावं लागतं, पण मालकानं स्वतः सतरंज्या वाढवून मागवल्या, एवढं खरं.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात रंजीतानं समितीला सुधारलेला कागद पाठवला. आदेशनं विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." त्या दिवशी भाजीत मीठ मात्र दोनदा पडलं.

समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. पांढरे केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अर्जात चाळीस टक्के. इथं अकरा. यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही खरे आहेत, सर. चाळीस आला तेव्हा मंडप अर्धे रिकामे होते. अकरा आला तेव्हा भरलेले होते."

"चाळीसवर थांबला असतात तर आम्हाला कळलंही नसतं."

"कळलं नसतं. पण मग रिकाम्या मंडपात सगळ्यात जवळच्या वाटेनं कसं पोचावं, हे मी शोधून काढलं, असं झालं असतं."

विभागप्रमुख खोकले. तज्ज्ञांनी चष्मा वर ढकलला. "चूक नेमकी कुठं झाली?"

"मी मामांना नियम विचारले. माणूस नियम म्हणून तेच सांगतो जे कधीतरी मोडलं गेलेलं असतं. जे त्यानं कधीच मोडलं नाही ते त्याला नियम वाटतच नाही. ते विचारण्याची पद्धत माझ्याकडं नव्हती. आता आहे. आधी चुकीचं वेळापत्रक करून दाखवायचं आणि जाणकाराचा चेहरा बघायचा. मामांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला होता, सर. वाचला नाही, एवढंच."

"आणि ही दुसरी सारणी? हिचा स्रोत 'श्रीमती सुगंधाबाई, वडसा' असा दिलाय. कोणत्या संस्थेत आहेत?"

"घरी असतात. माझ्या मामी."

"वैर असलेल्या गावांना तीन गुण दिलेत. हे..."

"तेही त्यांचंच," रंजीता म्हणाली. "माझं शून्य होतं. सर, मोहटोल्याच्या प्रयोगाला चिचगावहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. नाटक पडलं नाही म्हणून हळहळत गेली."

तज्ज्ञ हसले ते थांबेचनात. मग त्यांनी अर्धा तास घाम काढला: गावं बाराऐवजी दोनशे असती तर, दोन कंपन्या असत्या तर, मामी नसत्या तर. शेवटच्या प्रश्नाला रंजीता म्हणाली, "तर दुसरी मामी शोधावी लागेल, सर. प्रत्येक तालुक्यात एक असते." बाकी चौघांच्या मुलाखती वीस-वीस मिनिटांत आटोपल्या होत्या; हिची दीड तास चालली. बाहेर बाकावर बसलेल्या आदेशनं तेवढ्यात तीन चहा घेतले आणि तिन्ही गार केले.

नेमणुकीचं पत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. सहयोगी प्राध्यापक, रंजीता सुनिल दोनाडकर. तिनं आधी बापाला फोन केला. सुनिलभाऊ पारावर होता. त्यानं फोन तसाच सगळ्यांना ऐकवला आणि मुखरूनं मागून विचारलं की पगार आता तरी त्याच्या बायकोपेक्षा जास्त झाला का. मग तिनं वडशाला लावला. मामा उचलेल असं वाटलं होतं, उचलला मामीनं.

"झालं का वो तुह्यं?"

"झालं, मामी. पत्र हातात आहे."

"बरं झालं. बापा, किती दिवस लावले त्याईनं!" मामीचा आवाज लगेच खाली आला, कोणी ऐकू नये तसा. "आता आईक. किन्हीचं एक लगन मोडलं काल, न् चिचगावच्या पोट्ट्यानं मोहटोल्याची पोरगी पाह्यली म्हंतेत. पक्कं नाई अजून. कागद हाय का जवळ?"

"एक मिनिट, मामी," रंजीता म्हणाली. तिनं नेमणुकीचं पत्र उलटं केलं, टेबलावर सपाट केलं आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.